जंगलात 'झाड' म्हणायचं नाही

लढाई पाचोळ्यावरून झाली. कोणी याहून मोठं कारण सांगू लागलं तर ऐकून घ्यावं, मान डोलवावी आणि विसरून जावं. कारण पाचोळाच.

दोन गावं होती आणि मधे जंगल होतं. जंगल इतकं दाट, की सकाळी त्यात शिरलेलं ऊन जमिनीपर्यंत पोचायचं तेव्हा दुसरा दिवस उजाडलेला असायचा. वारा एका बाजूनं सुटला की तिथली वाळकी पानं पलीकडच्या गावात पडायची, फिरला की अलीकडच्या. रस्त्यावर पानं, गटारात पानं, पोस्टाच्या पेटीत पानं. न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गळ्यात कापड बांधावं आणि खाली केसांऐवजी पानंच गोळा करावीत. आता हे सगळं झाडायचं कोणी? अलीकडचे म्हणाले, "जंगल तुमचं, पानं तुमची, खराटा तुमचा." पलीकडचे म्हणाले, "वा! जंगल तर तुमचं." बाकी जगात लोक 'ही जमीन आमची' म्हणून एकमेकांच्या उरावर बसतात. ही दोन गावं 'ही जमीन आमची नव्हेच' म्हणून उठली. जो हरेल त्याच्या गळ्यात जंगल, असं ठरलं आणि दोन्हीकडचे झाडून सारे धडधाकट पुरुष फौजेत भरती झाले. पानं झाडायला तेवढं कोणी उरलं नाही.

अलीकडच्या गावात तोफांच्या कारखान्यात एक मिस्त्री होता. त्याची बायको साऱ्या गल्लीची ताई, म्हणून तो साऱ्या गल्लीचा दाजी. गल्लीतून हे नाव कारखान्यात गेलं, कारखान्यातून फौजेत, आणि शेवटी कप्तानसाहेबसुद्धा त्याला दाजीच म्हणू लागले. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला कानशी आणि करवती टांगलेली भिंत, मधे दाजी. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या केसांत लोखंडाचा कीस असा भरलेला असायचा, की ताई त्याला उंबऱ्यातच थांबवून डोक्यावरून लोहचुंबक फिरवायची. एकदा ती विसरली, तर ताटात वाढलेल्या जेवणाला गंज चढला.

युद्धासाठी दाजीनं एक तोफ केली. नाव लांबोडी. गोळा लांब जायचा तर नळी लांब हवी, हा त्याचा साधा हिशेब. नळी वाढत गेली. शेडची मागची भिंत फोडावी लागली, मग शेजारच्या शिंप्याच्या दुकानाची. बूड कारखान्यात आणि तोंड शिंप्याकडे, अशी ती तयार झाली. शिंप्यानं कुरकुर केली नाही. तो तिच्यावर शिवून झालेले कोट टांगायचा. चाचणीला माळावर नेऊन बत्ती दिली, तर गोळा गेला तो गेलाच. कुठं पडल्याची अजून बातमी नाही.

फौज निघायच्या दिवशी सकाळी दाजी स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता. ताई भांडी घासत होती, आणि ती भांडी ज्या आवाजात घासत होती त्यावरून काहीतरी चाललंय हे दाजीनं ओळखलं.

"पलीकडच्या फौजेत बारक्या आहे," ताई म्हणाली.

बारक्या म्हणजे ताईचा एकुलता एक भाऊ. लहानपणी चणीनं लहान होता म्हणून बारक्या. पुढं असा काही वाढला, की घरातल्या प्रत्येक चौकटीला त्याचं कपाळ ओळखीचं झालं. मुलखाचा गरीब. चौकटीला डोकं आपटलं की चौकटीलाच म्हणायचा, "माफ करा हं." पलीकडच्या गावात भिंती रंगवायच्या कामाला गेला होता, कारण त्याला शिडी लागत नसे.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्यांना जंगलावरून पलीकडं बघायला उंच माणूस हवा होता. त्या गावात बारक्याहून उंच काय आहे? पाण्याची टाकी. ती काही चालत जायची नाही."

"मग आता?"

ताईनं हातातलं पातेलं पालथं घातलं. "आता काय! तुमच्या त्या लांबोडीनं माझ्या भावाच्या केसाला धक्का लावला, तर या दारात उभं राहायचं नाही. आणि त्याला न घेता नुसते हात हलवत आलात, तरी उभं राहायचं नाही."

"अगं, तो शत्रू आहे."

"कोणाचा?"

दाजीनं चहाच्या कपात पाहिलं.

"म्हणजे मी लढाई हरू?"

"हरा, नाहीतर जिंका. ते कारखान्याचं काम, त्यात मी कधी तोंड घातलंय? बारक्याला घरी आणायचं, हे घरचं काम."

ताईचे डोळे भांड्याच्या राखेनं लाल झाले होते असं म्हणावं, तर ती भांडी साबणानं घासत होती. दाजीच्या पोटात गोळा आला. लांबोडीत घालायचे गोळे बाहेर गाडीत होते, हा वेगळाच.

जंगलाच्या तोंडाशीच पहिली पंचाईत झाली. लांबोडीचं तोंड दोन झाडांच्या मधून आत गेलं, पुढं तिसरं झाड आडवं आलं, आणि ती अडकली.

"दाजी, वळव हिला डावीकडं," कप्तानसाहेब म्हणाले.

"ही वळत नाही साहेब. हिला डावीकडं जायचं असलं तर घरी परत जाऊन डावीकडून निघावं लागेल."

कप्तानसाहेबांनी दुर्बीण काढली आणि शत्रू कुठं आहे ते पाहिलं. त्यांना एक पान दिसलं. फार मोठं. मग नकाशा काढला. तो सगळा हिरवा होता, सरळ धरला तरी हिरवा, उलटा धरला तरी हिरवा. त्यांनी तो शांतपणे घडी करून खिशात ठेवला आणि हुकूम दिला, "काप."

दाजीनं काळजावर दगड ठेवून लांबोडीचा पुढचा तुकडा कापला. पुढच्या वळणाला आणखी एक. आचाऱ्यानं एक तुकडा चुलीला धुराडं म्हणून नेला, कप्तानसाहेब एकावर बसू लागले. जंगल वळण द्यायचं आणि दाजी करवत काढायचा. गावात जी तोफ उभी गल्ली अडवायची, ती आता ढकलगाडीवर मावू लागली.

एकट्या लांबोडीचीच ही गत नव्हती. जंगलाचा सगळ्याच हत्यारांवर राग होता. भाला सरळ धरावा तर पुढच्याच्या पाठीत, मागं वळवावा तर मागच्याच्या पोटात. तलवारीचा पहिला वार झाडात रुतायचा आणि दुसऱ्या वाराला तलवारच नसायची. धनुष्य ओढायला जावं तर दोरीऐवजी वेल हातात यायचा, आणि वेल सुटला की बाण जागेवर राहून धनुष्य पुढं जायचं. बंदूक खांद्याला लावायला खांद्यापुढं बंदुकीएवढी जागा लागते. ती कोणाकडं होती? शेवटी ज्याला त्याला कळलं, की या दाटीत चालणारं हत्यार एकच, आणि ते म्हणजे चिमटा. समोरच्या पानांत हात घालायचा, मऊ लागेल तिथं घ्यायचा.

कप्तानसाहेबांनी कारखान्याला निरोप पाठवला, "बाकी हत्यारं परत घेऊन जा. यापुढं चिमट्यावर भर द्या." कारखान्यानं तत्परतेनं गाडीभर चिमटे पाठवले. निखारे उचलायचे, लोखंडी, कडीसकट. आचारी खूश झाला. पलीकडच्यांनी चिमट्यावर उतारा म्हणून गुदगुल्या काढल्या, आणि मग जंगलातून असे काही आवाज येऊ लागले की गावात बायका दारं लावून घेऊ लागल्या.

पण खरा घोळ वेगळाच होता. तो हुकमाचा होता.

कप्तानसाहेब तयार झाले होते ते गावाबाहेरच्या माळावर. त्या माळावर एक झाड नव्हतं. होता तो झेंड्याचा खांब. तिथं ते शिपायांना रांगेत उभं करायचे आणि हात वर करून ओरडायचे, "झाड!" गोळी झाड, एवढं सगळं म्हणायला वेळ कुणाला असतो? 'झाड' म्हटलं की सारी रांग धडाड्. वर्षानुवर्षं असं चाललं आणि कोणाला त्यात काही खटकलं नाही.

इथं पहिल्याच दिवशी, बंदुका अजून हातात होत्या तेव्हा, रांगेतला पहिला शिपाई बुंध्यावर आदळला. मागच्यांना सावध करावं म्हणून बिचारा ओरडला, "झाड!"

मागची अख्खी फौज धडाडली. कप्तानसाहेबांची टोपी गेली, आचाऱ्याची किटली गेली, वरून कोणाचं तरी घरटं पडलं. धूर विरला, फौज पुढं सरकली, आणि दोन पावलांवर दुसरं. "झाड!" पुन्हा धडाड्. पलीकडूनही हेच ऐकू येत होतं, कारण तेही हीच भाषा बोलणारे. पहिल्या दिवसाच्या तुंबळ युद्धात दोन्ही बाजूंनी मिळून फक्त फांद्या पडल्या.

कप्तानसाहेबांनी फौजेला गोळा केलं. म्हणजे हाका मारल्या. दिसत तर कोणीच नव्हतं. "आजपासून जंगलात 'झाड' म्हणायचं नाही! झाड आलं तर 'वृक्ष' म्हणावं."

हुकूम चांगला होता, पण कपाळ आपटल्यावर माणसाच्या तोंडून 'वृक्ष' निघत नाही. बघा प्रयत्न करून. शिपाई 'वृ'पर्यंत यायचा आणि पुढचं सगळं शिव्यांत जायचं. मग एकानं सुचवलं, "साहेब, तोंडात बसलेलं काहीतरी द्या. आई गं, बाबा रे, असं."

"आई-बाबा नको," कप्तानसाहेब म्हणाले. "फौजेत रडारड होईल. काका म्हणा."

तेव्हापासून अलीकडच्या फौजेत झाडाला काका म्हणू लागले. "डावीकडं काका!" "काका आडवे पडलेत, पाय उचला!" "दोन काकांच्या मधून, पोट आत घ्या!" एका शिपायाचे सख्खे काका पलीकडच्या फौजेत होते. तो प्रत्येक हाकेला दचकायचा, हात जोडायचा, आणि मग बुंध्याला हात लावून म्हणायचा, "हे नव्हेत."

आणखी एक हुकूम निघाला. बुटाची नाडी बांधायला जो वाकला तो हरवला, असं पुन्हापुन्हा होऊ लागलं. म्हणून प्रत्येकानं पुढच्याचा सदरा मागून धरून ठेवायचा. पलीकडच्यांनीही हेच केलं, असं एका चिमटा बसलेल्या कैद्याकडून कळलं. दोन फौजा म्हणजे दोन लांब माळा झाल्या, आणि त्या दाटीत एकमेकींना शोधत फिरू लागल्या.

या सगळ्यात दाजीचं एक मन लांबोडीत आणि दुसरं बारक्यात. कापता कापता लांबोडी आता त्याच्या मांडीवर मावू लागली होती. तोंड तेवढं परातीएवढं राहिलं. गोळे तिच्यात ठरेनात, बाहेर घरंगळू लागले, म्हणून कप्तानसाहेबांनी तिच्यात खिळे, मोळे, तुटक्या कानशीचे तुकडे आणि साखळीच्या कड्या भरायला लावल्या. दाजीनं त्या भरल्या, ठासल्या, आणि मग तोंडाकडून आत डोकावून पाहिलं. माळावर लांबोडी नुसता दिमाख होती. इतक्या लांबून ती कोणाला लागणार! पण इथं, चार हातांवर, पानांआड उभ्या असलेल्या माणसाच्या सदऱ्याचं बटणसुद्धा सापडलं नसतं. जंगलानं तिचा सगळा फुकटचा नखरा छाटून टाकला होता, आणि खाली जे उरलं होतं ते हत्यार होतं. दाजीनं आयुष्यात केलेलं पहिलं खरं हत्यार.

"आता कशी शोभते!" कप्तानसाहेब म्हणाले. "दाजी, तू कारागीर खरा."

"मी नाही साहेब. मी फक्त करवत धरली," दाजी म्हणाला.

दमटपणानं काड्यापेट्यांचा लगदा झाला होता. साऱ्या फौजेत पेटती राहिलेली बत्ती एकच, ती दाजीच्या हातात.

आणि एके दुपारी, दाजी मांडीवर लांबोडी घेऊन एका काकांना टेकून बसला असताना, समोरच्या पानांपलीकडं आवाज झाला.

ठक्.

"माफ करा हं."

जगात झाडाची माफी मागणारा माणूस एकच. तो चार हातांवर उभा होता, आणि लांबोडीचं तोंड बरोबर त्याच्याकडं होतं.

आवाज कप्तानसाहेबांनीही ऐकला. ते दाजीच्या कानाशी सरकले आणि कुजबुजले, "शत्रू. दाजी, झाड!"

दाजीनं बत्ती पाठीमागं नेली.

"झाड म्हणतोय ना!"

"साहेब," दाजी म्हणाला, "तुमचाच हुकूम आहे. जंगलात 'झाड' म्हणायचं नाही."

"अरे, मी ते झाड म्हणत नाही! मी हे झाड म्हणतोय!"

"कुठलं हे, साहेब? इथं सगळीकडं तेच आहेत. मी टेकलोय ते काका का?"

"काका नव्हे! झाड! झाडायचं झाड!"

"झाडायचं म्हणाल तर साहेब, लढाई त्याचीच आहे. आपण झाडायचं नाही, त्यांनी झाडायचं, असं ठरलंय ना?"

कप्तानसाहेबांचा चेहरा दिसत नव्हता, पण पानं थरथरू लागली. मागं सदरे धरून बसलेल्या फौजेत कुजबूज सुटली. "साहेब काय म्हणाले?" "झाड म्हणाले." "म्हणायचं नाही ना पण?" "नाहीच मुळी." आणि शिस्तीची फौज ती, एकापाठोपाठ एक ओरडू लागली, "म्हणायचं नाही! म्हणायचं नाही!"

तिकडं पानांपलीकडंही एक जाड आवाज उठला होता. पलीकडच्यांचा कप्तान असणार, आणि एखादी बंदूक त्यांच्याकडंही उरली असणार. "झाड! अरे उंटा, झाड!"

"हो साहेब," बारक्याचा नम्र आवाज आला, "बघितलं. कपाळावरच बसलं."

"तू झाड!"

"नाही साहेब. उंच आहे, पण माणूस आहे."

इकडं कप्तानसाहेबांचा तोल सुटला. "दाजी, ती बत्ती इकडं दे. मीच देतो." आणि पानांतून त्यांचा हात पुढं आला.

दाजीनं बत्तीकडं पाहिलं. लाल टोक धुमसत होतं. आजवर कप्तानसाहेब म्हणाले काप, की त्यानं कापलं होतं. भर म्हणाले, की भरलं होतं. त्यात त्याला कधी फारसा विचार करावा लागला नव्हता. आत्ताही नाही लागला. त्यानं अंगठा आणि बोट जिभेवर ओली केली आणि बत्तीचं टोक दाबून धरलं. चर्र झालं. साऱ्या जंगलातला शेवटचा विस्तव विझला.

"विझली हो, साहेब," तो म्हणाला. "दमट हवा."

मग त्यानं लांबोडी उपडी केली. खिळे, मोळे आणि कड्या पाचोळ्यात सांडल्या, आणि रिकामी लांबोडी तिथंच टाकून दाजी पानांत घुसला. "बारक्या!"

"अरेच्चा, दाजी?" बारक्याचा आवाज आला. "तुम्ही इकडं कसे?"

"लढाईला! हात दे!"

"कुठला?"

"जो असेल तो!"

पानांत एकच धांदल उडाली. कोणी म्हणे काका, कोणी म्हणे चिमटा. दाजीच्या हाताला एक हात लागला. त्यानं तो मुठीत घट्ट आवळला, पाठ फिरवली आणि घराच्या दिशेनं ओढत सुटला. दिशा त्याला नकाशावरून नव्हे, लांबोडीच्या कापलेल्या तुकड्यांवरून कळत होती. प्रत्येक वळणाला एक पडलेला. त्यानं मागं पाहिलं नाही, कारण पाहून दिसणार काय? पानंच. मागचा हात गप्प होता. बारक्या घाबरला असेल, दाजीला वाटलं. म्हणून त्यानं वाटेत त्याला धीर दिला. "भिऊ नकोस. मी आहे ना. घरी ताई वाट बघतेय. पोटभर जेव, झोप. आमचा कप्तान म्हणजे अगदीच... जाऊ दे, तू कशाला मनावर घेतोस."

हातानं काही उत्तर दिलं नाही. तो फक्त जरा ताठ झाला.

जंगल संपलं, आणि उन्हात येऊन दाजीनं मागं वळून पाहिलं. त्याच्या मुठीत कप्तानसाहेबांचा हात होता.

"मला वाटलं, तू मला शिस्तीत माघार घ्यायला नेतोयस," कप्तानसाहेब सावकाश म्हणाले. "बाकी सगळं मी ऐकलं."

कप्तानसाहेबांची त्याला पर्वा नव्हती. बारक्या कुठं होता?

कप्तानसाहेबांच्या सदऱ्याला मागून एक हात होता. तो शिपाई बाहेर आला. त्याच्या सदऱ्याला दुसरा हात होता. तोही आला. एकामागून एक माणसं जंगलातून अशी निघू लागली, जसा सुईतून दोरा. डोळे मिचकावत, पानं थुंकत, पुढच्याचा सदरा गच्च धरून. आधी निळ्या सदऱ्यांचे अलीकडचे, मग मधेच एक करडा, मग दोन निळे, मग करड्यांची रांगच. धांदलीत दोन्ही माळा एकमेकींत गुंतल्या होत्या, आणि कोणी कोणाचा सदरा धरलाय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पलीकडचा जाड्या कप्तान आचाऱ्याचा सदरा धरून आला. काकांवाला शिपाई आला; त्याचा सदरा एका करड्या मिशीवाल्यानं धरला होता. शिपाई मागं वळला आणि किंचाळला, "हेच!"

दाजी प्रत्येकाचं तोंड बघत होता. "बारक्या पाहिला का? उंच? फार उंच?"

"मागं असेल."

"बारक्या?"

"मागं असेल, दाजी. मागं बघा."

माणसं येतच होती. दाजीच्या डोळ्यांपुढं स्वयंपाकघर आलं, पालथं घातलेलं पातेलं आलं. शेवटचे चेहरे आले. मग कोणीच आलं नाही. जंगल हललं, गप्प झालं.

दाजी पुन्हा आत जायला वळला, तेवढ्यात वर, माणसाचं डोकं असतं त्याच्या बरंच वर, एक फांदी हलली.

ठक्.

"माफ करा हं," बारक्या म्हणाला आणि फांदी बाजूला सारून उन्हात आला. कपाळावर टेंगळांची रांग, दाढी छातीपर्यंत. तो कोणाचाही सदरा धरून आला नव्हता. "धरायला वाकावं लागतं, दाजी. वाकलं की हरवतो. म्हणून वरूनच रांग बघत आलो."

त्यानं बारक्याचा पोटाजवळचा सदरा धरला, हात तिथपर्यंतच पोचत होता, आणि गावाकडं चालू लागला. मागची माणसं, माघार का विजय ते कोणी न सांगितल्यामुळं, सवयीनं त्यांच्या मागं निघाली. पहिल्या शिपायानं बारक्याचा सदरा पकडला, आणि बाकी सगळे त्याला जोडलेलेच होते.

दोन्ही फौजा अशा दाजीच्या गल्लीत शिरल्या. शिंपी दारात येऊन मापं घेऊ लागला. ताई आवाजानं बाहेर आली. तिनं दाजीकडं पाहिलं नाही. ती सरळ बारक्यापुढं उभी राहिली आणि मान मागं टाकून वर बघत राहिली.

"किती वाळलास," ती म्हणाली.

"वाळलो नाही गं ताई. लांबूनच तसं दिसतं."

तिनं त्याचा हात धरून त्याला घरात ओढलं. त्याचा सदरा धरलेला शिपाई मागोमाग आत आला. त्याच्या मागं दुसरा. स्वयंपाकघरात उभं राहून ताईनं मागं पाहिलं, तर दारातून माणसं येतच होती, भिंतीकडेनं वळून मागच्या दारानं बाहेर पडत होती, आणि रांगेचं शेपूट अजून जंगलाच्या तोंडाशी होतं. दोन्ही कप्तान मोरीपाशी एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत अडकले होते.

"एक भाऊ आणायला सांगितला होता," ताई म्हणाली.

मग तिनं बारक्यामागच्या शिपायाकडं पाहिलं. अगदी कोवळं नाक होतं त्याचं, खरचटलेलं. "सोड की रे आता त्याचा सदरा. घर आलं."

शिपायानं स्वतःच्या मुठीकडं पाहिलं. ती उघडायला त्याला जरा वेळ लागला. त्यानं सोडल्यावर मागच्यानं त्याचा सदरा सोडला, मग त्याच्या मागच्यानं, आणि सोडासोड स्वयंपाकघरातून मागच्या दारानं, गल्लीतून, रस्त्यावरून जंगलापर्यंत सरकत गेली. ज्याचे हात मोकळे झाले तो त्यांच्याकडं बघत राहिला. कोणी खिशात घातले, कोणी डोकं खाजवलं. काही जण, आलोच आहोत तर, म्हणून भांडी विसळू लागले.

दाजी अजून बाहेरच होता. रांग आत गेली तशी तो बाजूला सरला होता, आणि आता उंबऱ्याबाहेर, आपल्याच घराच्या दारात पाहुण्यासारखा उभा होता.

ताई गर्दीतून वाट काढत दारापाशी आली. त्याचं काळं पडलेलं बोट तिला दिसलं. ते हातात घेऊन तिनं त्यावर फुंकर घातली.

"बाहेर काय उभे?" ती म्हणाली. "या आत. बारक्याला टेबलाखालून पाय काढता येत नाहीयेत."